मे अखेरची परसबाग: काय काढायचं, काय राखायचं आणि पेरायला हात कधी घालायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरला घरामागे 20 बाय 12 फुटांची काळ्या मातीची जागा आहे, गच्चीवर कुंड्या आहेत, पाणी बोअरचं आहे. मे संपत आलाय. टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, मिरचीची पानं आखडली आहेत, भेंडी पिवळी पडली, वांगी उंच वाढून निबर झाली. जास्वंदीवर पांढरा कापूस बसलाय, मोगरा कमी झाला, शेवंती अर्धी वाळली. पाऊस येईपर्यंत हे सगळं कसं वाचवायचं आणि नवीन काय लावायचं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, सगळं वाचवायचा प्रयत्न सोडून द्या, हे माझं पहिलं सांगणं. रोपवाटिका चालवताना दर वर्षी या दिवसांत हाच प्रश्न माझ्याकडे येतो आणि उत्तर बदलत नाही. मेच्या शेवटी पाणी मोजकं असतं, उन्हामुळे कामाला मिळणारा वेळही सकाळ-संध्याकाळचा तासभरच असतो. तो आजारी आणि म्हाताऱ्या झाडांपायी गेला की जमिनीकडे बघायला काही उरत नाही. आणि दिवाळीपर्यंत बाग कशी चालेल, हे या दोन-तीन आठवड्यांत जमिनीचं काय केलंत यावर ठरतं. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून रान तापत ठेवतो, तेच आपल्या चार वाफ्यांनाही लागू आहे. नांगराच्या जागी कुदळ, एवढाच फरक.

आधी काय काढायचं ते बघू.

टोमॅटोला रोग झालाय असं तुम्हाला वाटतंय, पण फुलं गळण्याचं कारण बहुतेक नुसती उष्णता आहे. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्रीही 24-25 च्या खाली उतरत नसला, की परागकण निकामी होतात. फूल उमलतं, फळ धरत नाही, देठाच्या पेरापाशी सुटून पडतं. अशा वेळी खत वाढवलं तर नुसता पाला वाढतो. जी चार फळं धरली असतील ती लाल न होता पिवळट-केशरीच राहतात, कारण लाल रंग तयार होण्याची क्रियाही 30-32 च्या वर मंदावते. ती अर्धवट रंग आल्यावर तोडून घरात सावलीत पिकवा, रंग चांगला येतो. झाडं मात्र ठेवू नका. एवढ्या उन्हातून गेलेलं झाड पावसात करप्याला सगळ्यांत आधी बळी पडतं आणि शेजारच्या नव्या रोपांना तो देऊन जातं. एखादं झाड खरोखर निरोगी आणि आवडत्या वाणाचं असेल तर त्याची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातला कोवळा फुटवा, वीतभर लांबीचा काढून पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. पानं आखडलेल्या झाडाची बगलफूट घेऊ नका, विषाणू त्यातूनही येतो.

मिरचीवर जरा थांबून बोलायला हवं. आखडलेल्या पानांना आपण सरसकट बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतो, पण त्यामागची कारणं तीन आहेत आणि तिन्हींचा निकाल वेगळा लागतो. सकाळी एक पान तोडून उजेडात धरा. कडा वर वळून पानाचा द्रोण झाला असेल तर ते फुलकिड्यांचं काम. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, भुरकट-पिवळे, बारीक, लांबुडके किडे धावताना दिसतील. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद होऊन देठ लांबला असेल, तर तो कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी सूक्ष्म कीड. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पानावरूनच ओळखायचा. आणि पानं बारीक, गुच्छासारखी, शिरांमध्ये पिवळी आणि झाड खुजं राहिलं असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन कारणांत झाड सावरतं. वरचा एक तृतीयांश भाग कापून टाका, राहिलेल्या पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस रोज मारा, आणि मग आठवड्याच्या अंतराने दोनदा निंबोळी अर्क. तिसऱ्या कारणाला औषध नाही. झाड उपटा, पिशवीत घालून बाहेर काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. कोळ्यावर गंधक चालतं हे खरं, पण इतक्या उन्हात ते फवारलं तर पानं भाजतात, म्हणून आत्ता नको.

निंबोळीचा विषय निघालाच आहे तर सांगते: कडुनिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडायचे दिवस आता सुरू झाले. त्या गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा. वर्षभराचं औषध फुकटात होतं. लागेल तेव्हा 50 ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. फवारणी मात्र ऊन उतरल्यावरच, कारण त्यातलं कडू द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, असं जाळीदार दिसत असेल तर तो केवडा किंवा हळद्या. हाही पांढरी माशीच पसरवते. उपटा. पुढच्या पेरणीला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखा हा रोग सहन करणारा वाण घ्या. सगळं पानच एकसारखं फिकट पिवळं असेल तर ती नुसती भूक आहे, पण मेच्या अखेरीस जुन्या भेंडीला खाऊ घालण्यातही फार अर्थ नाही.

वांग्याचं उलटं आहे. ती झाडं मुळीच काढू नका. जमिनीपासून फूट-दीड फुटावर धारदार कात्रीने तिरका काप देऊन छाटा, वाळलेल्या आणि पोखरलेल्या फांद्या मुळापासून काढा, बुंध्याभोवती दोन घमेली कुजलेलं शेणखत द्या आणि पाणी चालू ठेवा. पाऊस पडताच खालून जोमदार फुटवे येतात आणि खोडव्याची वांगी नव्या रोपांच्या कितीतरी आधी हाताला लागतात. फुटव्याचा एखादा शेंडा मान टाकताना दिसला तर आत अळी असते. शेंडा दोन बोटं खालून खुडायचा आणि चिरडायचा. हे आठवड्यातून दोनदा केलंत तर औषधावाचून भागतं.

गवारीच्या उरलेल्या शेंगा झाडावरच वाळू द्या, बियाणं होईल. दुधी, दोडका, घोसाळी यांचं एखादं फळ राखलं असेल तर तेही. विकतचं संकरित बी असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात. गावठी असेल तर जपा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती असंच बी घरोघरी जपून वाटण्याच्या कामासाठी. त्यांनी राखलेल्या वाणांत वाल, घेवडे, पालेभाज्या अशाच परसातल्या गोष्टी आहेत.

झाडं उपटताना एक गोष्ट चुकवू नका: मुळं बघा. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या. त्या वाफ्यात या हंगामात पुन्हा यांतलं काही लावू नका, काकडीही नको. तिथे झेंडू दाट लावा. झेंडूच्या मुळांतून जे स्रवतं त्याने सूत्रकृमी कमी होतात, आणि दसऱ्याला फुलंही मिळतात.

आता जमीन. तुमची काळी माती आहे, म्हणजे भेगा पडल्या असणारच. पाणी घातलं की ते भेगांतून सरळ खाली जातं आणि वरची मुळं कोरडीच राहतात. जिथे झाडं राखायची आहेत तिथे वरची दोन इंच माती खुरप्याने भुसभुशीत करून भेगा बुजवा आणि वर वाळल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन घाला, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. तेवढ्याने पाणी अर्ध्यावर येतं. दुपारी दोनला पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी सहा-सातला ती आपोआप उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सातला मलूल दिसली तरच झाड खरोखर तहानलेलं.

रिकामे झालेले वाफे वीतभर खोल खणा आणि ढेकळं फोडत बसू नका, तशीच उन्हात राहू द्या. फळमाशीचे आणि अळ्यांचे कोष वर येतात, काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या-कावळे उचलतात. हरळी आणि लव्हाळा असेल तर त्यांच्या काड्या आणि गाठी हाताने वेचा. आत्ता वेचलेली एक गाठ म्हणजे श्रावणातली दहा खुरपणी वाचली. वळवाचा एक पाऊस पडला की हीच दगडासारखी ढेकळं आपोआप विरघळतात, तेव्हा माती सारखी करायची.

त्या वेळी वाफे उंच घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात भाज्या मरतात त्या बहुतेक पाणी साचून, मुळांना हवा न मिळाल्यामुळे. तुमच्या 12 फुटांच्या रुंदीत 3 फुटांचे तीन वाफे बसतात आणि मध्ये फूटभर वाटा राहतात. वाटेतली माती उचलून वाफ्यावर टाका म्हणजे वाफा सहा-सात इंच वर येतो आणि वाटेचा चर होतो. त्या चराला एका बाजूला उतार आणि बाहेर पडायला वाट हवी. हे काम माती चिखल होण्याआधीच होतं, नंतर पाय ठेवता येत नाही.

शेणखत घालताना ते मुठीत घेऊन बघा. वास मातीचा यायला हवा, शेणाचा नको. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. खतात पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतील, पण प्रत्येक अळी हुमणी नसते. एक अळी सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर बघा. ती उताणी होऊन पाठीवर सरकत निघाली तर ती कुजलेला पाला खाणारी निरुपद्रवी अळी आहे. उलट तिने खत बारीक करायचं काम केलेलं असतं, तिला कंपोस्टमध्ये परत सोडा. कुशीवर वळलेली पडून राहते आणि पायांनी सरकायला धडपडते ती हुमणी समजा आणि काढून टाका. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी अंधार पडताना जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. तुमच्या आसपास असं झाड असेल तर त्या दोन-चार संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. त्यांची वर्षाला एकच पिढी असते, त्यामुळे त्या वेळी एक मादी मारली तर तिची सगळी अंडी टळली.

गच्चीवरच्या कुंड्यांच्या मातीवर पांढरा थर आलाय का, ते बघा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार उन्हाळाभर साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात, तो पांढरेपणा म्हणजे तेच. वरची इंचभर माती खरवडून काढा. पाऊस लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, म्हणजे दोन-तीन मोठ्या पावसांत उरलेले क्षार धुऊन जातात. तळाची छिद्रं मुळांनी बंद झाली असतील तर आत्ताच काडी घालून मोकळी करा. रिकाम्या कुंड्यांची माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि गच्चीच्या भाजत्या फरशीवर पंधरा दिवस ठेवा. आतली उष्णता एवढी वाढते की बुरशी, तणाचं बी, सूत्रकृमी बरेचसे मरतात. काळी पिशवी नको, पारदर्शकच हवी. नंतर त्या मातीत मूठभर चांगलं कंपोस्ट मिसळा.

एवढं झालं की येतो सगळ्यांत अवघड भाग, आणि तो म्हणजे थांबणं.

वळीव पडतो. मातीचा वास सुटतो, रात्र गार होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बी पेरायला, रोपं लावायला धावतात. मग आठ दिवस आभाळ कोरडं राहतं, ऊन पूर्वीपेक्षा बोचरं होतं, ओल्या मातीतून वाफ निघते आणि नुकतं फुटलेलं बी उकडून जातं. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो, वाऱ्या-गडगडाटासह, तासाभरात उरकतो. खरा मोसमी पाऊस ओळखायच्या खुणा वेगळ्या. वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून दिवसभर एकसारखा वाहतो, सकाळपासूनच ढग असतात आणि दुपारचा पारा उतरलेला राहतो. तुमच्यासाठी सोपी परीक्षा सांगते. वाफ्यात वीतभर खोल खणा आणि तळची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने दाबल्यावर फुटला, तर ओल पुरेशी आहे. कोरडवाहू शेतकऱ्यांना 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. आपल्याकडे झारी असते म्हणून एवढं ताणायची गरज नाही, पण ओल खालपर्यंत जाऊन भिडलेली असायलाच हवी.

कॅलेंडर बघून ठरवू नका. रोहिणी 25 मेच्या आसपास, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला लागतात, तो अंदाज म्हणून उपयोगी आहे. पण 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि 2023 मध्ये त्याला 25 जून उजाडला. एकाच गावाला महिनाभराचा फरक. त्यामुळे वाफे मेअखेरपर्यंत तयार आणि बी घरात तयार, ही स्थिती गाठायची. मग पाऊस कधीही येवो.

हातावर हात ठेवून बसवत नसेल तर सावलीत रोपं करा, तेच या दिवसांचं काम. वांगी, मिरची, टोमॅटोचं बी आत्ता टाकलं तर चार-पाच आठवड्यांत, म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर, लावणीजोगी रोपं मिळतात. ट्रेवर जुनं मलमलीचं फडकं काड्यांवर ताणून बांधा. पांढरी माशी कोवळ्या रोपालाच विषाणू देते आणि मग तो महिन्याभराने दिसतो, म्हणून हे फडकं सगळ्या फवारण्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. मिरचीचं रोप बाकीच्यांपेक्षा जरा हळू वाढतं, त्याला आठवडा जास्त द्या.

वेलांची रोपं मात्र उपटून लावलेली सहन करत नाहीत. त्यांचं बी कागदाच्या पेल्यात किंवा थेट आळ्यात टाका. दोडका, घोसाळी, पडवळ, कारलं, दुधी, काकडी, लाल भोपळा यांतले चार निवडा, 20 फुटांत त्याहून जास्त वेल माजले तर हवा खेळत नाही. मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे हिवाळ्यात वाफ्यांवर सावली येणार नाही. बांबू मातीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावून पुरा, नाहीतर वाळवी ऐन भाद्रपदात मांडव पाडते. बी उगवलं की पहिल्या दोन पानांवर तांबडे भुंगेरे येतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा वेचा, आणि पानांवर चाळलेली राख भुरभुरा.

वेलांना फुलं येतात पण फळ लागत नाही, ही तक्रार जुलैत नक्की येणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. उष्ण हवेत आणि मोठ्या दिवसांत आधी नर फुलंच जास्त येतात, नत्र जास्त झालं तरीही तेच. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. पावसात माश्या फिरत नाहीत तेव्हा हाताने परागीकरण करावं लागतं, आणि त्याची वेळ प्रत्येक वेलाची निराळी. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळी यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात. दोडका, दुधी, पडवळ यांची संध्याकाळी. दोडक्याला सकाळी आठला ब्रश लावून काही होत नाही. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागे करा, मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा. फळ अंगठ्याएवढं झालं की त्याला वर्तमानपत्राची पिशवी बांधा, फळमाशी टोचत नाही. पडवळाच्या टोकाला छोटा दगड बांधायची कोकणातली पद्धत चांगली आहे, पडवळ सरळ येतं आणि तोडायला सोपं जातं.

भेंडी मृगात पेरा, बी रात्रभर भिजवून. दीड महिन्यात तोडा सुरू होतो. पालेभाज्यांत कोथिंबीर-पालकाच्या मागे लागू नका, पावसाच्या माऱ्यात त्या लोळतात. अंबाडी, माठ, मायाळू लावा. मायाळूच्या तर वीतभर काड्या खोचल्या तरी फुटतात. अळूचे कांदे आणि आले-हळदीची बेणी या आठवड्यात लावून टाका, त्यांना उशीर चालत नाही. अळू वाटेच्या चराच्या तोंडाशी, जिथे पाणी रेंगाळतं तिथे. आलं मात्र उंच वाफ्यावरच, पाणी साचलं की कुजतं. शेवगा असेल तर वाऱ्यावादळाआधी छाटा, त्याचं लाकूड ठिसूळ आणि वळवात फांद्या हमखास मोडतात.

आता फुलं. मोगऱ्याचा बहर ओसरणं हे हंगामाचं आहे, काळजी नको. वाळक्या फुलांचे शेंडे दोन पेरं खाली खुडा, मूठभर शेणखत द्या, पावसाळ्यात त्याच्याच काड्या लावून रोपं करा. मोठी छाटणी थंडीतच करायची. गुलाबालाही आत्ता कात्री लावू नका, वाळकं तेवढं काढा.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंडे वेडेवाकडे गोळा झाले असतील तर ते कापून पिशवीत बंद करा, बाकीच्या फांद्यांवर पाण्याचा फवारा आणि मग लिटरला 5 मिलि पातळ साबणाचं पाणी, तीन-चार दिवसांच्या अंतराने तीनदा. पण आधी मुंग्यांची रांग शोधा. मुंग्या गोड चिकट द्रवासाठी ढेकणांना सांभाळतात, त्यांच्यावर चालून येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात आणि पिलांना नव्या फांदीवर नेतात. बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फासा, मुंग्या चढायच्या थांबतात. तेवढ्याने निम्मं काम होतं.

शेवंतीला मात्र वाचवा, हे झाड असं आहे की आत्ता राखलं तरच थंडीत आहे. वाळक्या काड्या जमिनीलगत कापा, कुंडी पूर्वेच्या सावलीत न्या, माती ओलसर ठेवा. बुंध्याशी बारीक हिरव्या काश्या, म्हणजे जमिनीतून निघालेले फुटवे दिसतील, त्याच पुढची झाडं. पाऊस लागल्यावर त्या मुळांसह वेगळ्या करून लावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा शेंडे खुडा, म्हणजे झाड पसरतं. जागा निवडताना रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालची निवडू नका. शेवंतीला कळी धरायला मोठी, अखंड काळोखी रात्र लागते, पोर्चच्या दिव्याखाली ती नुसती पानांची राहते.

अबोलीच्या वाळक्या शेंगा आजच काढा. त्यांना ओल लागली की त्या तटतट फुटतात आणि बी चार हात लांब उडतं. पहिल्या वळवानंतर झाडावर काही उरत नाही. वाटीत दोन शेंगा ठेवून वर पाण्याचे चार थेंब टाकून बघा, पोरांना फार आवडतं. काढलेलं बी कोरडं ठेवा आणि पावसात ट्रेमध्ये टाका. सोनटक्क्याचे कंद आणि निशिगंधाचे कांदे याच आठवड्यात मातीत जाऊ द्या. तेरड्याचं बी मृगात शिंपडलं की गौरींपर्यंत फुलं येतात, त्याला दुसरी काही मेहनत नाही.

झेंडूची तारीख दसऱ्यापासून उलटी मोजा. बी ते रोप साधारण 25 ते 30 दिवस, लावणी ते फुलं 55 ते 65 दिवस. म्हणजे दसऱ्याच्या 80 ते 95 दिवस आधी बी टाकायचं. लोक पहिल्या पावसाला उत्साहाने झेंडू लावतात आणि तो गणपतीतच संपून जातो. ज्या वाफ्यात मुळांवर गाठी सापडल्या तिथे झेंडूची रोपं तयार होईपर्यंत माती उघडी ठेवू नका, माठाचं एक पीक घेऊन टाका, ते महिन्याभरात निघतं.

पाऊस सुरू झाला की शंखी गोगलगायींकडे पहिल्या आठवड्यापासून लक्ष द्या. 2022 साली मराठवाड्यात त्यांनी सोयाबीनचं केवढं नुकसान केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. परसबागेतली इवली रोपं त्या एका रात्रीत फस्त करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाटेत अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवा. मीठ वाफ्यात टाकू नका. आच्छादनाखाली साबुदाण्याएवढ्या पिवळट-पांढऱ्या अंड्यांचे पुंजके सापडले तर तेही काढा. पावसाचे पहिले पंधरा दिवस आच्छादन पातळच ठेवा, रोपं वीतभर झाली की पुन्हा जाड करा. आणि गच्चीवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधली असेल तर ती ढगाळ दिवस सुरू होताच काढून घ्या, नाहीतर उजेडाअभावी रोपं लांबट होऊन पहिल्याच सरीत आडवी होतील.